नवे ड्रम पथक वरच्या पायरीवर कसे पोहोचते

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला, की बेळगावात ढोल-ताशा पथकांच्या सरावाला रंग चढलेला असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात, लुकास ऑइल स्टेडियममध्ये, तिथल्या ड्रम पथकांची वर्षातली सर्वांत मोठी स्पर्धा भरते. गुरुवारी प्राथमिक फेरी, शुक्रवारी पंचवीस पथकांची उपांत्य फेरी आणि शनिवारी रात्री फक्त बारा पथकांची अंतिम फेरी, असा तिचा क्रम असतो. या बारा नावांत दरवर्षी फारसा बदल होत नाही, त्यामुळे एखादे नवे नाव त्यांत शिरले तर त्या क्षेत्रात वर्षभर त्याचीच चर्चा चालते. मी स्वतः ताशा वाजवतो. आमच्या शहरात दर गणेशोत्सवाला एखाद-दुसरे नवे पथक उभे राहते आणि त्यांतली बरीचशी थोड्याच वर्षांत विरून जातात, हे मी जवळून पाहत आलो आहे. म्हणूनच तिथे विजेता कोण ठरला यापेक्षा, नव्याने निघालेले पथक त्या बारांपर्यंत कोणत्या वाटेने जाते, या प्रश्नाने मला अधिक धरून ठेवले आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अमेरिकेतल्या या ड्रम पथकाला तिथे ड्रम कोअर म्हणतात आणि त्यात पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे, लाकडी रायफली व तलवारी फिरवणारे ध्वजपथक असते. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन किंवा बासरी यांना तिथे प्रवेश नाही. मोठ्या पथकात दीडशेहून अधिक मुले-मुली असतात आणि वयाची मर्यादा एकवीस वर्षांची असते. अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम बसवायचा, तो उन्हाळाभर गावोगावी फिरून सादर करायचा आणि रोज थोडा थोडा सुधारत ऑगस्टपर्यंत न्यायचा, असे त्याचे स्वरूप आहे. त्याची मुळे लष्करी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटना, चर्च आणि स्काउट यांनी आपापल्या भागातल्या मुलांची पथके काढली आणि त्यांतून ही परंपरा वाढली. बेळगावच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याच शहरात आहे आणि साइड ड्रमच्या ठोक्यावर जवानांची पावले एकदम पडताना आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिली आहेत.

ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली. कॅव्हेलियर्स पथकाचे डॉन वॉरन आणि ट्रूपर्स पथकाचे जिम जोन्स यांचा त्यात पुढाकार होता. स्पर्धांचे नियम, परीक्षणाची पद्धत आणि बक्षिसाच्या रकमांचे वाटप हे तोवर माजी सैनिकांच्या संघटना ठरवत असत. ते पथकांनी स्वतः ठरवावे, ही त्यामागची मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती कॅलिफोर्नियाच्या अॅनाहाइम किंग्जमेन पथकाने जिंकली. तो पहिलावहिला विजेता आज त्या रिंगणात नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर पोहोचणे आणि वर राहणे यांत जे अंतर आहे, ते या खेळाच्या पहिल्या पानावरच नोंदलेले आहे.

आता चढण्याच्या वाटेकडे वळतो. आज मुलांच्या पथकांचे दोन मुख्य वर्ग आहेत, वरचा वर्ल्ड क्लास आणि खालचा ओपन क्लास. त्याही खाली साउंडस्पोर्ट नावाचा एक प्रकार आहे, ज्यात मोजक्या वादकांचा गट, कोणतीही वाद्ये घेऊन, काही मिनिटांचा कार्यक्रम करतो आणि त्याला क्रमांक न देता सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य अशी श्रेणी दिली जाते. काही मंडळी तिथून सुरुवात करून, हात बसल्यावर ओपन क्लासकडे वळतात. ओपन क्लासच्या पथकांची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा अंतिम सप्ताहाच्या सुरुवातीला होते आणि त्यानंतर त्यांना गुरुवारच्या प्राथमिक फेरीत मोठ्या पथकांच्या बरोबरीने त्याच मैदानावर उतरता येते. साठ-सत्तर मुलांचे पथक ज्या हिरवळीवर वाजवते त्याच हिरवळीवर काही तासांनी ब्लू डेव्हिल्ससारखे अनेकदा अजिंक्य ठरलेले पथक वाजवणार असते, परीक्षणाच्या पट्ट्याही त्याच असतात आणि गुणांची यादीही एकच लागते. आपण नेमके किती मागे आहोत, हे लहान पथकाला दरवर्षी अशा रीतीने आकड्यांत कळते.

मात्र ओपन क्लासमधून वर्ल्ड क्लासमध्ये जाणे हे केवळ गुणांवर ठरत नाही. त्यासाठी पथकाला मागणी करावी लागते आणि मग संस्था त्याची तपासणी करते. मैदानावरचे वादन त्यात पाहिले जातेच. पण त्याच्या जोडीने पथकाचे हिशेब, कारभार पाहणारे मंडळ, शिक्षकवर्ग, प्रवासाची व्यवस्था आणि मुलांच्या सुरक्षिततेची काळजी हेही तपासले जाते. आपल्याकडच्या पथकप्रमुखांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण वादन उत्तम असले की झाले, अशी आपली समजूत असते. परंतु वर्ल्ड क्लासचा उन्हाळा म्हणजे काय, हे पाहिले की त्या तपासणीचे कारण पटते. मे-जूनमध्ये काही आठवडे एका जागी राहून दिवसभर सराव होतो. त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रवास चालतो: कार्यक्रम संपला की रात्रीच बस निघते, पहाटे दुसऱ्या गावच्या शाळेत पोहोचून व्यायामशाळेच्या जमिनीवर अंथरूण टाकायचे, उठून सराव करायचा आणि संध्याकाळी पुन्हा मैदानात उतरायचे. बरोबर वाद्यांचे ट्रक असतात, स्वयंपाकाचा ट्रक असतो आणि त्यावर स्वयंसेवक, त्यांत पुष्कळसे वादकांचे आई-वडील, दोनशेच्या आसपास माणसांचे दिवसातून चार वेळचे खाणे रांधतात. एखादी बस बंद पडणे, एखाद्या शाळेने आयत्या वेळी जागा नाकारणे किंवा महिनाअखेरीस डिझेलला पैसे नसणे, यांपैकी काहीही झाले तरी त्याचा भार शेवटी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या अंगावर पडतो. ज्या पथकाला हा डोलारा पेलणार नाही, त्याला वर घेणे म्हणजे त्या मुलांना संकटात घालणे होय, हे संस्थेला अनुभवाने कळलेले आहे.

गुणांची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. शंभरपैकी चाळीस गुण एकंदर परिणामाला, तीस दृश्य भागाला आणि तीस संगीताला दिलेले असतात. संगीताच्या तिसांत पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि समग्र संगीत यांची तीन परीक्षणे असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा गुण येतात. याचा अर्थ, ज्या प्रकाराच्या नावातच ड्रम आहे त्यात ड्रमच्या परीक्षकाच्या हाती थेट दहाच गुण असतात. तालाचा परिणाम इतर रकान्यांतही उतरतो, हे खरे. तरीही केवळ उत्तम ड्रम वाजवणारे नवे पथक वर जाऊ शकत नाही. त्याला चालावे लागते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना आडवी रेघ असते आणि पाच यार्डांत आठ सारखी पावले बसवायची, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे, हे तिथल्या मुलांच्या अंगात इतके भिनवलेले असते की डोळे मिटून चालले तरी पाऊल रेघेवर पडते. प्रत्येकाजवळ छोटी वही असते आणि तिच्यात, कोणत्या मात्रेला मैदानावरच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर आपण उभे असले पाहिजे, हे लिहिलेले असते. त्याच चालीत, कधी उलट्या पावलांनी, अवघड लय वाजवायची असते.

बास ड्रमची ओळ पाहिली की या शिस्तीचा अर्थ कळतो. साधारण पाच वादक पाच वेगवेगळ्या आकारांचे, वेगवेगळ्या स्वरांत लावलेले बास ड्रम घेऊन शेजारी शेजारी उभे असतात. एक जलद लकेर त्यांच्यात वाटून दिलेली असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिच्यातला एखादा किंवा दोनच ठोके येतात. ऐकणाऱ्याला मात्र ती सलग, वरून खाली घरंगळत येणारी एकच लकेर वाटली पाहिजे. पाचांतला एक जण मात्रेच्या सोळाव्या भागाने जरी मागे राहिला तरी लकेरीला खड्डा पडतो आणि तो कोणाचा, हे लपत नाही. ढोलाच्या रांगेत चाळीस जण एकच हात, म्हणजे ठोक्यांची एकच ठरलेली रचना, वाजवत असतील तर एखाद्याची चूक इतरांच्या आवाजात बुडून जाते. आपल्या वादनाची ताकद त्या एकवटलेल्या आवाजात आहे आणि मला ती प्राणापलीकडे प्रिय आहे. पण एकट्या वादकाची तयारी तपासायची असेल, तर बास ड्रमच्या त्या ओळीसारखी कसोटी मी दुसरी पाहिलेली नाही.

प्रत्येक परीक्षणात काय सादर केले आणि ते किती चांगले साधले, अशा दोन्ही बाजू पाहिल्या जातात. नव्या पथकाचे सारे डावपेच इथे ठरतात. रचना अवघड घेतली आणि मुलांना ती झेपली नाही, तर दुसऱ्या बाजूचे गुण जातात. सोपी घेतली आणि स्वच्छ वाजवली, तर पहिल्या बाजूला लवकरच मर्यादा येते. जी पथके टिकून वर गेली त्यांच्याकडे पाहता मला असे दिसते, की त्यांनी आरंभीच्या वर्षांत आपल्या मुलांना पेलेल तेवढेच उचलले, ते नीट स्वच्छ केले आणि मुलांची तयारी वाढेल तशी रचना एकेक इयत्ता वर नेली. हे धोरण बाहेरून मिळमिळीत वाटते, कारण त्याला सुरुवातीला टाळ्या कमी पडतात.

परीक्षक गुण तर देतातच, शिवाय कार्यक्रम चालू असताना पाहता पाहता बोलून आपली निरीक्षणे ध्वनिमुद्रित करतात, आणि ती त्या त्या पथकाच्या शिक्षकांना ऐकायला मिळतात. शिक्षक आणि परीक्षक समोरासमोर बसून बोलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आधारावर सराव होतो. जूनमध्ये चाचपडणारे पथक ऑगस्टमध्ये ओळखू येत नाही, त्याचे मोठे कारण मला इथेच सापडते.

वर चढलेल्या पथकांच्या कहाण्या मी दोन गटांत पाहतो, आणि त्यांपैकी एका गटाकडे माझे मन स्पष्टपणे झुकते. पहिला गट झपाट्याने चढलेल्यांचा. सांता क्लारा व्हॅनगार्ड १९६७ मध्ये निघाले आणि १९७३ मध्ये अजिंक्य झाले; पण तो काळच निराळा होता, सारेच नव्याने मांडले जात होते आणि गेल रॉयर यांच्यासारखा पेशाने शिक्षक असलेला माणूस पहिल्यापासून त्यांचा सूत्रधार होता. त्याहून नाट्यमय कहाणी आहे ती स्टार ऑफ इंडियानाची. वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगात नाव कमावलेल्या बिल कुक यांनी १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन गावी हे पथक उभे केले. त्यांच्यामागे पैसा होता, नियोजन होते आणि उत्तम शिक्षक होते. १९८५ च्या पहिल्याच हंगामात ते अंतिम बारांत जाऊन दहावे आले, १९९१ मध्ये अजिंक्य झाले आणि १९९३ मध्ये कॅडेट्स पथकाच्या ९७.४ गुणांसमोर ९७.३ गुण मिळवून अवघ्या एक दशांश गुणाने दुसरे राहिले. त्यानंतर त्यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि त्यातूनच पुढे रंगमंचावरचा ‘ब्लास्ट’ हा प्रयोग निघाला, ज्याला २००१ मध्ये अमेरिकन रंगभूमीवरचा टोनी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कलेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पहिल्या वर्षी दहावे येण्याची ही वाट इतर कोणाला दाखवून देण्यासारखी नाही, कारण ती एका धनवान आणि कल्पक माणसाच्या इच्छेवर उभी होती. आणि तिची लांबी नऊ हंगामांची ठरली.

दुसरा गट संथ चढणाऱ्यांचा. कॅरोलिना क्राउन १९८८ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्थापन झाले, छोट्या पथकांच्या विभागातून वर आले आणि २०१३ मध्ये अजिंक्य झाले. आधुनिक काळात शून्यातून शिखरापर्यंत जायला पंचवीस वर्षे लागतात, असे मानायला हरकत नाही, आणि ती चांगली गती समजावी. ओहायोतल्या कँटन गावचे ब्लूकोट्स १९७२ मध्ये निघाले, पहिल्यांदा अंतिम बारांत आले ते १९८७ मध्ये आणि अजिंक्य झाले ते २०१६ मध्ये. ऍरिझोनाचे द अकॅडमी या शतकाच्या आरंभी निघाले आणि २०१६ मध्ये पहिल्यांदा बारांत पोहोचले. बोस्टन क्रुसेडर्स तर १९४० पासूनचे. ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या अंतिम फेरीत त्यांचे नाव पहिल्यांदा लागले १९९९ मध्ये, आणि त्यांचे पहिले अजिंक्यपद २०२५ चे.

या सर्वांत माझ्या मनाला जवळचे पथक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचे मँडरिन्स. १९६३ मध्ये तिथल्या चिनी वंशाच्या अमेरिकन समाजाने आपल्या मुलांसाठी ते सुरू केले. कित्येक वर्षे ते लहान पथकांच्या विभागातच होते आणि तिथे त्यांनी पुष्कळ विजेतेपदे मिळवली. मोठ्यांच्या वर्गात गेल्यावर मात्र ते वर्षानुवर्षे बारांच्या बाहेर राहिले. लहानांत पहिले येणारे पथक मोठ्यांत विसाव्या क्रमांकाच्या आसपास राहते तेव्हा त्याच्या मुलांना आणि पालकांना काय वाटत असेल, याची कल्पना कोणाही वादकाला येईल. २०१८ मध्ये ते पहिल्यांदा अंतिम बारांत आले. स्थापनेपासून पंचावन्न वर्षे झाली होती. ज्या मुलांनी पहिल्या वर्षी वाद्य गळ्यात अडकवले, ती तोवर आजोबा-आजी होण्याच्या वयाची झाली असणार. दरम्यान पथक सर्व समाजांच्या मुलांसाठी खुले झाले, पण आपण कोणाचे आणि कुठून आलो, ही आठवण त्यांनी नावातून आणि पोशाखातून जपून ठेवली. ज्या प्रदेशात आपली भाषा बोलणारे लोक संख्येने थोडे आहेत तिथे राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे पथक परके वाटत नाही.

संथ चढण्याला एक कठोर कारण आहे, ते म्हणजे वयाची अट. वयाची मर्यादा गाठली की पथक सोडावे लागते, मग तो वादक कितीही गुणी असो. त्यामुळे दरवर्षी पथकातले सर्वांत तयार लोक बाहेर पडतात आणि पथकाला आपली पातळी पुन्हा उभारावी लागते. माणसे बदलत असताना जर पातळी वाढवायची असेल, तर ज्ञान कुठेतरी साठून राहिले पाहिजे आणि ते साठते शिक्षकांत. बाहेर पडलेला वादक दोन-चार वर्षांनी शिक्षक म्हणून परत येतो, पुढे रचनाकार होतो, कधी कारभार पाहू लागतो. मोठ्या पथकांच्या निवडीत जागा न मिळालेली मुले ओपन क्लासकडे येतात आणि मोठ्या पथकांतून वय संपलेले वादक तिथे शिकवायला येतात; या दोन प्रवाहांची गाठ जिथे नीट पडते तिथे नवे पथक धरते. ब्लू डेव्हिल्सनी तर आपल्याच छायेखाली बी आणि सी अशी लहान पथके ठेवली आहेत, जी ओपन क्लासमध्ये स्पर्धा करतात आणि कोवळ्या वयाच्या मुलांना तयार करतात. १९७६ मधल्या पहिल्या अजिंक्यपदापासून आजवर वीसहून अधिक अजिंक्यपदे ज्यांच्या नावावर आहेत, ते पथक पाठशाळा चालवते, याकडे आमच्या मंडळींचे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

आणि पैसा. मुलांना सभासद होण्यासाठी हजारो डॉलर शुल्क द्यावे लागते आणि तरीही खर्च भागत नाही. ब्लू डेव्हिल्स आणि व्हॅनगार्ड यांनी अनेक दशके बिंगो या आकड्यांच्या खेळातून निधी उभा केला. इतरांनी देणगीदार, कार्यक्रम, वाद्यांची विक्री असे मार्ग काढले. २०१८ चे अजिंक्यपद मिळवणाऱ्या व्हॅनगार्डला २०२३ चा हंगाम आर्थिक कारणांनी सोडावा लागला आणि ते २०२४ मध्ये परतले. १९३४ पासून चालत आलेले, दहा अजिंक्यपदे मिळवलेले कॅडेट्स २०२४ मध्ये बंद झाले. त्यामागे गैरवर्तनाच्या जुन्या तक्रारी, त्यांतून उभे राहिलेले खटले आणि त्यांचा आर्थिक भार होता. मुलांची सुरक्षितता आणि हिशेब या गोष्टी संगीताच्या बाहेरच्या आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी हे एक नाव आठवावे.

आता आपल्याकडचे. बेळगावचा गणेशोत्सव आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक यांनी इथल्या वादकांना घडवले, यात वाद नाही. झांजपथके, लेझीम, ढोल-ताशा यांची इथे जिवंत परंपरा आहे आणि कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत रात्रभर वाजवण्याइतकी रग आमच्या मुलांत आहे. उणीव आहे ती मधल्या पायरीची. नवे पथक निघते ते थेट मोठ्या मंडळाची सुपारी घेण्याच्या तयारीने. वर्गणीतून आणि उसनवारीतून ढोल येतात, श्रावणात नव्या मुलांची भरती होते, महिन्या-दीड महिन्यात चार-पाच हात बसवले जातात आणि पथक रस्त्यावर उतरते. कच्चे वाजवले तरी ते ऐकून सांगणारे कोणी नसते. स्पर्धा होतात, पण त्या एका दिवसाच्या. निकाल जाहीर होतो, ढाल मिळते आणि आपण कुठे कमी पडलो हे हरलेल्या पथकाला सहसा कळत नाही. मग पुढच्या वर्षी मिरवणुकीत कोणापेक्षा किती जास्त ढोल, हाच मोजमापाचा विषय उरतो. ढोलांची संख्या वाढवणे सोपे आहे, त्याला फक्त पैसे लागतात.

आमच्या पथकाचे भाग्य असे, की आम्हाला ताशा शिकवायला लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक काका लाभले. आम्ही त्यांना सुभेदारकाका म्हणतो. नव्या मुलाला ते ताशाला हात लावू देत नाहीत. फरशीवर जुन्या टायरचा तुकडा ठेवून त्यावर दोन काड्यांनी संथ ठोके वाजवायला लावतात आणि स्वतःचा तळहात आडवा धरून काडी त्याच्या वर जाऊ देत नाहीत. एका ठोक्याला काडी चार बोटे वर आणि दुसऱ्याला वीतभर गेली, तर दोन ठोक्यांचा आवाज सारखा येणार नाही, हे ते न बोलता दाखवतात. कोणी उत्साहाने हात उंचावला, की म्हणतात, ‘वर न्यायची घाई करू नको रे पोरा, आधी काडी खाली ठेवायला शीक.’ अमेरिकन पथकांतही काडीची उंची इंचांत ठरवलेली असते आणि रबरी पॅडवर तासन्तास हेच चालते, हे मी त्यांना मोबाइलवर दाखवले तेव्हा त्यांना जराही नवल वाटले नाही. बँडमध्ये आम्हाला असेच शिकवले, एवढेच ते म्हणाले. असे शिकवणारे हात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या गावोगावी आहेत, कारण इथल्या कित्येक घरांतून पिढ्यानपिढ्या लष्करात माणसे गेली आहेत. त्यांना पथकांकडे बोलावण्याची पद्धत मात्र आपण पाडलेली नाही.

यंदा दिवाळीनंतर आम्ही सातवी ते नववीच्या मुला-मुलींसाठी रविवारी सकाळी वर्ग सुरू करत आहोत. त्यांना पहिले वर्ष मिरवणुकीत वाजवता येणार नाही, हे पालकांना आधीच सांगितले आहे, आणि त्यावर काहींनी नावे मागे घेतली, तरी बाकीची मुले आली आहेत. पथकाचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्व वादकांपुढे वाचला जाईल, हेही ठरले आहे. तिसरी गोष्ट एकट्या पथकाला जमणारी नाही. परस्परांच्या सरावाला जायचे, वादन चालू असताना मोबाइलवर बोलून आपली निरीक्षणे ध्वनिमुद्रित करायची आणि ती त्याच रात्री त्या पथकाच्या शिक्षकाकडे पाठवायची, अशी व्यवस्था पाच-सहा पथकांत तरी व्हावी, अशी माझी इच्छा आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर किंवा खानापूरकडच्या ज्या पथकांना यात यायचे असेल, त्यांनी चित्ररथ मिरवणुकीची गडबड सुरू होण्याआधी कळवावे. पहिली फेरी आमच्याच सरावापासून करू. तुमचे जाणते वादक घेऊन या आणि जे ऐकू येईल ते स्पष्ट बोला.